मिजेटच्या डिकीत मालवण कसं मावेल?

प्रश्न: काकांच्या मागे त्यांची १९७१ सालची एमजी मिजेट माझ्याकडे आली. दोन सीट, कापडी टप, तारेची चाकं, १२७५ सीसीचं इंजिन. इंजिनाचं काम गेल्या वर्षी झालं. तेव्हापासून रविवारी पहाटे चालवते, दोनदा लोणावळ्यालाही जाऊन आले. डिसेंबरमध्ये मालवणला मामेभावाचं लग्न आहे. आई (वय ६४) आणि मी किनाऱ्याच्या रस्त्यानं, तीन दिवस घेऊन, याच गाडीनं जायचं ठरवलंय. मावशी आणि बाकीची मंडळी कोकणकन्येनं येतील. अडचण सामानाची आहे. डिकी उघडली की निम्मी जागा स्टेपनीच खाते, आईची ट्रॉली बॅग आत जातच नाही. गॅरेजवाल्यांनी हत्यारांची आणि स्पेअर पार्टची जी यादी दिलीय ती सगळी भरली तर कपडे घरीच राहतील. डिकीच्या झाकणावर कॅरियर बसवून घेऊ का? न्यायचं काय आणि ठेवायचं काय?
– मिजेटवाली, विलेपार्ले

उत्तर: कॅरियर बसवू नका. मिजेटच्या डिकीचं झाकण पातळ पत्र्याचं आणि कॅरियरचे पाय त्या झाकणावरच उभे राहणार. वर पंधरा किलोची बॅग बांधली की डिकी उघडताना दर वेळी आधी दोऱ्या सोडा, बॅग उतरवा, मग झाकण उचला. खड्ड्यात गाडी आदळली की तो भार बिजागऱ्यांवर येतो. शिवाय गाडीचं वजन जेमतेम सातशे किलो. त्यात मागच्या चाकांच्याही मागे, तेही उंचावर ओझं गेलं की पुढची चाकं हलकी पडतात आणि वळणावर स्टिअरिंगचा अंदाज जातो. आई शेजारी बसलेली असताना आंजर्ल्याच्या उतारावर हे नको.

आता यादी. ती तुम्हाला काळजीपोटी दिली आहे, पण ती ओसाड मुलखातून जाणाऱ्या माणसाची यादी आहे. तुम्ही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड करत जाणार. या वाटेवर पंक्चरवाला, वेल्डिंगवाला आणि हुशार मिस्त्री प्रत्येक बऱ्या गावात आहे. त्याच्याकडे इंजिन ऑइल आहे (२०डब्ल्यू-५० तर बुलेटवाल्यांमुळे सगळीकडे मिळतं), ब्रेक ऑइल आहे, वायर आहे, होज क्लिपा आहेत, हात चांगला आहे. मिजेटचा रोटर (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला फिरता तुकडा) मात्र त्याच्याकडे नाही, आणि इंचाचे पानेही बहुधा नसतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे दापोलीत मिळेल का? मिळत असेल तर ते घरी राहू द्या. साबण, टॉवेल, पाण्याच्या बाटल्यांची पेटी, पाच लिटर ऑइलचा कॅन, हायड्रॉलिक जॅक, हवेचा पंप हे सगळं त्यात गेलं. बाटलीभर ऑइल आणि अर्धा लिटर ब्रेक ऑइल तेवढं न्या. क्लचही त्याच ऑइलवर चालतो आणि तो गळायला लागला तर गाव येईपर्यंत भरत जाता येतं.

पान्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त वजन विनाकारण वाहिलं जातं. तुमच्या गाडीचे नट-बोल्ट इंचाचे. घरात असलेला मिलिमीटरचा चोवीस पान्यांचा संच कितीही देखणा असला तरी तो इथे उपयोगाचा नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. ७/१६ म्हणजे ११.११, त्यावर ११ चा चढत नाही आणि १२ चा फिरतो. ९/१६ म्हणजे १४.२९, तिथेही तेच: १४ चा जात नाही, १५ चा घसरतो. रस्त्यावर करण्याजोगं जेवढं काम आहे त्यातलं बहुतेक ७/१६, १/२ आणि ९/१६ या तीन मापांत होतं. या तीन मापांचे पाने घ्या, एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेले, प्रत्येकी दोन. दोन यासाठी, की बोल्ट धरायला एक आणि नट फिरवायला दुसरा लागतो. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटला एक सकाळ काढा. तिथे अजूनही इंचाची मापं सुटी मिळतात, दुकानदाराला ‘एएफ’ (अक्रॉस फ्लॅट्स, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) म्हणून सांगा. जाताना गाडीतला एखादा सुटा नट खिशात ठेवा आणि पाना त्यावर बसवून बघूनच घ्या. प्लगचं माप १३/१६ इंच, त्यावर २१ चा प्लग पाना चालतो, तो वेगळा शोधू नका. याशिवाय एक लांब आणि एक बुटका स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बारीक फट मोजायचा फीलर गेज, डोक्याला बांधायचा टॉर्च. हे सगळं जाड कापडाच्या गुंडाळीत ठेवा. पत्र्याची पेटी घेतलीत तर तिचंच वजन पान्यांपेक्षा जास्त होईल आणि मालवण येईपर्यंत ती खडखडत राहील.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे इग्निशन, प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा. एक पॉइंट सेट, एक कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि दोन रोटर. दोन का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, लांजा सोडून राजापूरकडे जाताना, संध्याकाळी सहाच्या सुमारास माझी गाडी चालता चालता एकदम गप्प झाली. पेट्रोल येत होतं, कॉइलला करंट होता, प्लगला ठिणगी नव्हती. रोटर नवा होता, जेमतेम दोन महिन्यांचा. हल्ली बनणाऱ्या काही रोटरमध्ये पितळी पट्टीचा रिव्हेट इतका खोल जातो, की ठिणगी प्लगकडे न जाता आतल्या आत शाफ्टलाच उतरते. जुना, वापरलेला पण भरवशाचा रोटर माझ्याकडे होता. मात्र तो होता डिकीत, स्टेपनीच्या पोकळीत, सगळ्या बॅगांच्या खाली. रोटर बदलायला पाच मिनिटं लागली. त्याआधी अर्धा तास आम्ही अंधारात, ट्रक जात असलेल्या रस्त्याच्या कडेला कपड्यांच्या बॅगा उतरवत होतो. बायको टॉर्च धरून उभी होती आणि मला त्या रोटरपेक्षा तिची काळजी वाटत होती. त्या दिवसापासून इग्निशनचा डबा मी हाताशी ठेवतो. तुम्हीही चहापावडरीच्या आकाराचा एक प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात हे सगळं, इन्सुलेशन टेप, दोन मीटर वायर आणि चार फ्यूज ठेवा आणि तो ड्रायव्हरच्या सीटमागे असू द्या. पॉइंटची फट ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवा, रस्त्यावर आठवत नाही.

फ्यूजबद्दल एक सावधगिरी. गाडीच्या हँडबुकात ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. तो लुकास या ब्रिटिश कंपनीचा जुना आकडा आहे, म्हणजे ज्या करंटला फ्यूज उडतो तो. सतत वाहण्याची त्याची ताकद १७ अँपिअरच. आजच्या काचेच्या फ्यूजवर मात्र सतत वाहणाऱ्या करंटचा आकडा छापतात. म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून ३५ चा आणून बसवलात तर तो वेळेवर उडणारच नाही, आधी वायर जळेल. १५ चा घ्या.

दुसरी गोष्ट पेट्रोलची, आणि हे काम सामान भरण्याआधी मुंबईतच उरकायचं आहे. आता पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७१ च्या रबराला ते सोसत नाही, पाइप फुगतो, मऊ पडतो, मग चिरतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलून घ्या आणि नव्या पाइपवर ‘एसएई जे-३० आर-९’ छापलेलं आहे ना, ते स्वतः वाचा. काम झालंय असं गॅरेजवाले म्हणाले तरी वाचा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं, तेव्हा प्लगचा रंग बघून एसयू कार्ब्युरेटरचा जेट नट किंचित खाली करून घ्या. त्याच पाइपाचा मीटरभर तुकडा आणि चार क्लिपा सोबत असू द्या. पेट्रोल पंप इलेक्ट्रिकचा असल्यानं चावी फिरवली की मागून टिकटिक ऐकू येते. ती आली नाही तर मागच्या बाजूला गाडीखाली असलेल्या पंपाच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक करा, आतले अडकलेले पॉइंट बहुतेक वेळा सुटतात.

आणि अग्निशामक. एक किलोचा, ड्राय पावडरचा, सीटवरून उठायच्या आत हाताला लागेल अशा जागी पट्ट्यानं पक्का बांधलेला. सामान कितीही कमी करा, ही एक गोष्ट मी तुम्हाला कमी करू देणार नाही. जुनं वायरिंग आणि पेट्रोल एकाच बॉनेटखाली असतं.

चाकांचं म्हणाल तर तारेच्या चाकात ट्यूब लागते, म्हणून दुकानात मिळणारं ट्यूबलेसचं पंक्चर किट तुमच्या कामाचं नाही. त्याऐवजी एक नवी १३ इंची ट्यूब न्या, घडी करून ती मुठीएवढी होते. खेड्यातला पंक्चरवाला ट्यूबचं काम ट्यूबलेसपेक्षा सफाईनं करतो. मधला नट सोडवायचा पाना आणि तांब्याचा किंवा शिशाचा हातोडा मात्र बरोबर हवाच, तो कुठेच मिळणार नाही. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट असतात, सोडवायची दिशा नटावरच बाणानं दाखवलेली आहे, ती घरी एकदा करून बघा. निघण्याआधी चाकाच्या प्रत्येक तारेवर पान्यानं टिचकी मारा. घट्ट तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. हवा हँडबुकाप्रमाणे पुढे २२, मागे २४. सामान भरल्यावर मागे २६ केलीत तरी चालेल. पंपावरचा मुलगा सवयीनं ३५ भरायला जाईल, खाली उतरून उभ्या राहा.

किनाऱ्याचा रस्ता निवडलात याचा मला फार आनंद झाला. पण त्या रस्त्याचा सामानाशी थेट संबंध आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, तासाभराचा प्रवास, आधी बुकिंग करा. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या. ओहोटीला या बोटींचा रॅम्प जास्त तिरपा पडतो आणि मिजेटचं पोट जमिनीपासून फार वर नाही. मागे सामान जास्त असेल तर गाडीचं बूड आणखी खाली बसतं आणि रॅम्पच्या कडेला सायलेन्सर खरडतो. म्हणून दर धक्क्यावर आईंना आधी चालत जाऊ द्या आणि गाडी सरळ न घालता थोडी तिरकी चढवा. एकेक चाक वर गेलं की पोट वाचतं. बोटीवरची मुलं समजूतदार असतात, सांगितलं की जागा करून देतात. गावांतले रंग न मारलेले गतिरोधकही असेच तिरके ओलांडा. तरीही सायलेन्सर लोंबलाच तर बांधायला दोन मीटर बायंडिंग वायर आणि भेगांवर लावायला एम-सीलचं एक पाकीट ठेवा. या दोन गोष्टी सगळीकडे मिळतात हे खरं, पण त्या जिथे लागतात तिथे दुकान नसतं, म्हणून माझ्याच नियमाला हा अपवाद.

आता कपडे. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘कोकणकन्या’ हा आहे. लग्नाच्या साड्या, आहेर, लग्नातले दागिने आणि चांगल्या चपला मावशींबरोबर आगगाडीनं जाऊ द्या. कुडाळला उतरणारी मंडळी ते सगळं मामांच्या घरी पोचवतील. कापडी टपाच्या गाडीला खरं कुलूप नसतं, टपाला ब्लेड लावलं की गाडी उघडी. त्यात दागिने ठेवून तुम्ही हरिहरेश्वरला प्रदक्षिणा घालत असाल तर लक्ष देवाकडे लागणार नाही. आईंना हे सांगताना ‘तुझी बॅग मावत नाही’ असं म्हणू नका. त्या माहेरी लग्नाला चालल्या आहेत, स्वतःची बॅग स्वतःबरोबर असावी असं त्यांना वाटणारच. पैठणी चुरगळू नये म्हणून ती मावशीकडे, असं सांगा, आणि ते खरंही आहे.

मग गाडीत उरतात तीन दिवसांचे कपडे. ट्रॉली बॅगेची चाकं, दांडा आणि कडक पाठ मिळून जी जागा खातात तेवढ्यात आईंचे दोन जोड बसतील. मऊ कापडाच्या, साच्याशिवायच्या लहान बॅगा घ्या, एका मोठीऐवजी चार छोट्या. मऊ बॅग स्टेपनीभोवतीच्या कोपऱ्यात दाबून बसते. बाजारात जायच्या आधी डिकीत जुना पुठ्ठा कापून बसवा, रिकाम्या जागेचा साचा तयार होईल. तो साचा घेऊनच क्रॉफर्ड मार्केटला जा. प्रत्येक बॅगेच्या आत प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, कारण मिजेटच्या डिकीचं रबर कितीही नवं असलं तरी धूळ आणि पाणी आत येतंच.

भरताना जड ते खाली आणि पुढे. पान्यांची गुंडाळी, हातोडा आणि गाडीबरोबर आलेला साधा जॅक स्टेपनीच्या पोकळीत, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून. ट्यूब तिथेच. त्यावर कपड्यांच्या दोन बॅगा, बस्स. पंक्चर झालं तर या दोन बॅगा उचलल्या की स्टेपनी आणि हत्यारं दोन्ही एकदम समोर येतात, असं जमलं पाहिजे. तीनपेक्षा जास्त वेळा वाकावं लागत असेल तर पुन्हा भरा. सीटमागे इग्निशनचा डबा, ऑइलची बाटली, लाल त्रिकोण आणि उरलेल्या दोन बॅगा. टप खाली केला की त्याची घडी तिथेच बसते, म्हणून या बॅगा बुटक्या हव्यात. सकाळी टप उघडा ठेवायचा आणि दुपारी उन्हाला लावायचा असं तुम्ही करालच, तेव्हा दर वेळी बॅगा हलवाव्या लागू नयेत. आईंच्या पायाशी एकच पिशवी: औषधं, पाणी, शाल, डोक्याला बांधायचा रुमाल, आवळासुपारी. औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा, निम्मी त्यांच्याकडे, निम्मी तुमच्या पर्समध्ये. गाडी बुटकी असल्यानं आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, हे त्यांना घरीच चार वेळा करून बघू द्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर दर दीड तासानं थांबा, गाडीलाही ते मानवतं.

आरसी, विमा आणि पीयूसी फोनवर असले तरी छापील प्रती एका पाकिटात घ्या. जुन्या गाडीच्या आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, त्याची तारीख आत्ताच बघून ठेवा, आदल्या आठवड्यात नको.

नोव्हेंबरच्या एखाद्या शनिवारी सगळं सामान, अगदी आईंच्या शालीसकट, भरून रो-रोनं अलिबागला जा आणि एक रात्र राहून या. रॅम्प किती खरडतो, कुठली बॅग उगाच नेली, कुठली वस्तू शोधावी लागली, हे सगळं त्या एका रात्रीत कळेल. परत आल्यावर ज्या बॅगेची चेन उघडलीच नाही ती मालवणला नेऊ नका. त्यात इग्निशनचा डबा किंवा अग्निशामक मात्र धरू नका.

आणि परतीचं. मामांच्या घरून निघताना सोलं, कुळथाचं पीठ, काजू, फणसपोळी आणि कोकमाचं आगळ दिल्याशिवाय कोणी तुम्हाला सोडणार नाही, आणि आईंना ते नाही म्हणता येणार नाही. तेव्हा जाताना डिकीत एक घडी केलेली रिकामी कापडी पिशवी ठेवा आणि वापरलेले कपडे परत मावशींबरोबर आगगाडीनं पाठवा, जागा होते. पीठ आणि काजू स्टेपनीभोवती बसतील. आगळाची बाटली मात्र डिकीत नको, तिथली उष्णता आणि हादरे तिला झेपत नाहीत. तिचं झाकण टेपनं बंद करा, बाटली शालीत गुंडाळा आणि आईंच्या दोन पायांमध्ये उभी ठेवा.